कांताची एकोणीस पत्रं

परळ,
ता. ६ मार्च १९६०

चि. सौ. कांता हिस,
जय भीम.

गेल्या सात वर्षांत तू मला एकोणीस पत्रं लिहिलीस. ती तुला ठाऊक असावीत, म्हणून हे विसावं मी लिहितो आहे.

घाबरू नकोस, मी शुद्धीवर आहे. आठ वर्षं झाली, शुद्धीवरच आहे. अक्षर वाकडं दिसेल ते वयामुळे आणि रात्रशाळेच्या मास्तरांमुळे. त्यांचंही तसंच होतं.

मुद्द्याचं सांगतो. या एप्रिलात मी मिलमधून सुटतो. सूतखात्यात चौतीस वर्षं कताईचे साचे चालवले, आता कान गेले आणि मालकाला माझा कंटाळा आला. त्यानिमित्त आमच्या मंडळानं माझा सत्कार ठरवलाय. मंडळ म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचं. चाळीतले टवाळ लोक आम्हाला 'चालतं मंडळ' म्हणतात. दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली की मी मिलच्या दारात उभा राहतो. ज्याचे पाय गुत्त्याकडे वळताना दिसतात त्याचा दंड धरायचा आणि त्याला चालवत न्यायचं. परळवरून प्रभादेवी, तिथून वरळी कोळीवाडा, आणि दिवेलागणीला परत. पायांचे तुकडे पडले की माणसाला जेवण आणि झोप या दोनच गोष्टी सुचतात. माझं सगळं शास्त्र एवढंच. दारूबंदी आल्यापासून दारू दर वळणावर मिळते, त्यामुळे रस्ता मात्र बघून निवडावा लागतो.

सत्कार सतरा एप्रिलला आहे. चिटणीस आपला लवू. तोच, शेजारच्या खोलीतला मालवणी, जो तुला लहानपणी कुळथाची पिठी चाखायला द्यायचा. आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी एकमतानं तुला ठरवलंय. लवूच्या मेहुण्यानं नाशकात तुझी शाळासुद्धा शोधून काढली.

तू म्हणशील, मीच का? त्याचं कारण ती एकोणीस पत्रं. मंडळात नवा माणूस आला की तो पहिला प्रश्न हाच विचारतो, सोडून काय मिळणार, घरचे तर केव्हाच तुटले. मग मी पेटीतून तुझं पत्र काढतो. 'तीर्थरूप बाबांना सादर प्रणाम. आपण व्यसनाचा त्याग केल्याचे वृत्त कळून माझे अंतःकरण भरून आले.' तू जन्मात कधी 'अंतःकरण' म्हणाली नाहीस हे मला माहीत आहे. पण तू मास्तरीण, त्यामुळे सगळ्यांना पटतं.

तुला एक मुलगाही आहे. चोपन्न साली झाला. हुशार आहे, पण जेवायला त्रास देतो.

तर माझी विनंती एवढीच. लवूचं आमंत्रण आलं की एक ओळ लिहून टाक, 'येता येत नाही.' कारण देऊ नकोस. कारण मी इथं तयार ठेवलंय, मुलाची परीक्षा.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मला जरा उशीर झाला होता. त्याचा राग तू धरला असशील तर तो बरोबरच आहे.

तुझा बाप,
बाबुराव

परळ,
ता. २० मार्च १९६०

चि. कांता,

उत्तर नाही. म्हणजे तू अजून तीच आहेस. लहानपणी रागावलीस की अशीच दाराकडे पाठ करून बसायचीस आणि तुझी आई म्हणायची, हिला बोलवू नका, बोलवलं की आणखी दोन तास बसते. म्हणून मी बोलवत नाही. नुसता गप्पा मारतो.

पत्रांची सुरुवात कशी झाली ते सांगतो, म्हणजे तुझं मत आणखी वाईट होण्यापूर्वी सगळं एकदमच वाईट होईल. त्रेपन्न साल. मी सोडून वर्ष झालं होतं आणि लवू माझा पहिला गडी. त्याचा एकोणिसावा दिवस. बायको वेंगुर्ल्याला माहेरी निघून गेलेली. वरळीच्या खडकावर बसला आणि उठेना. म्हणाला, "बाबुराव, मी चललंय गुत्त्यार. माका कोण विचारता? आणि तुका तरी कोण विचारता? तुजा चेडू तरी तुका पत्र लिवता काय?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कालच आलं."

आता आलं म्हटल्यावर ते दाखवायला नको? माझं अक्षर लवू ओळखतो. मग मी गिरगावात गंगाधरपंतांकडे गेलो. हे कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. डॉक्टरचं खोटं सर्टिफिकेट काढून परमिटवर ब्रँडी प्यायचे आणि आम्हा हातभट्टीवाल्यांना कमी समजायचे. तेही तेव्हा नुकतेच आमच्याबरोबर चालू लागले होते, पण धोतराला चिखल लागू नये म्हणून दहा पावलं मागं. त्यांना म्हटलं, पंत, एका माणसाचा जीव आहे, माझ्या पोरीच्या नावानं चार ओळी लिहा. त्यांनी चार पानं लिहिली. कचेरीत आयुष्यभर 'आपले पत्र पोहोचले' लिहून कंटाळलेला माणूस, त्याला ही कलाकुसर फार आवडली. पुढं मुलगाही त्यांनीच दिला तुला. मी नको म्हणत होतो.

लवूनं ते पत्र तीनदा वाचलं, डोळे पुसले आणि चालायला लागला. त्यानंतर त्यानं थेंब घेतलेला नाही. बायको दीड वर्षानं परत आली. आता मी त्याला काय सांगू?

बाकी आमचं बरं चाललंय. तुला गंमत सांगतो. छप्पनच्या जानेवारीत इथं गोळीबार झाले, करफ्यू लागला. बाहेर काय चाललं होतं ते तू पेपरात वाचलं असशील, आमच्या चाळीतलीही दोन माणसं गेली. त्या दिवसांत माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा दारुडे अडकले. बाहेर जावं तर शिपाई, आत राहावं तर मी. पहिल्या दिवशी शिव्या, दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पिठलं केलं आणि मिठावरून भांडले. त्या सहांतले चार अजून कोरडे आहेत. सरकारनं आमच्यासाठी केलेलं तेवढं एकच काम.

त्याच वर्षी आणखी एक झालं. माणसं चालताना गप्प राहिली की त्यांना दारू आठवते, म्हणून मी त्यांना घोषणा द्यायला लावायचो. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' ताल चांगला आहे, पाऊल बरोबर पडतं. एके दिवशी आम्ही सात जण निघालो. प्रभादेवीला मागं वळून बघतो तर साठ माणसं. लोकांना वाटलं, मोर्चा आहे. पोलिसांनाही तसंच वाटलं. सगळ्यांना उचललं. पंत इन्स्पेक्टरला इंग्रजीत समजावत होते की आम्ही सत्याग्रही नाही, दारुडे आहोत. त्यानं त्यांनाच आधी गाडीत घातलं.

आठ दिवसांनी सुटलो तर चाळीच्या दारात हार, बायकांच्या हातात आरत्या. ज्यांना महिन्यापूर्वी याच बायकांनी जिन्यावरून ढकललं होतं, त्यांच्या कपाळाला कुंकू. हार घातलेल्या माणसाला गुत्त्यावर जायची चोरी झाली. सगळी गल्ली 'सत्याग्रही, सत्याग्रही' म्हणून हाक मारायची. त्या खेपेला पाच जण दारूतून सुटले.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर त्यांना निरोप देताना लाखो लोकांबरोबर मीही दीक्षा घेतली. मी दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा आली तेव्हा माझा आवाज इतका मोठा निघाला की पुढचा माणूस वळून बघायला लागला. मी रडत होतो, सगळेच रडत होते. त्या दिवशी तू शेजारी हवी होतीस असं मला फार वाटलं. तेही त्या एकोणीस पत्रांत नाही.

लवूनं तुला रजिस्टरनं आमंत्रण धाडलंय. ती एक ओळ लिही.

बाबुराव

परळ,
ता. ३ एप्रिल १९६०

चि. कांता,

आज गप्पा नाहीत. एक माणूस अडकलाय.

त्याचं नाव जयवंत. आमच्याच मिलमध्ये कांडीखात्यात सूत गुंडाळायला आहे, अठ्ठावीस वर्षांचा. त्याची बायको कालिंदी पोरीला घेऊन शीवला आईकडे गेली ती पाच महिने झाले आली नाही. आज त्याचा तेविसावा दिवस. एवढा चिवट गडी मी बघितला नाही, चालताना माझ्या पुढं जातो. पण तो सगळा तुझ्या पत्रावर उभा आहे. पहिलं पत्र त्यानं हातात मागून घेतलं, आता ते त्याला पाठ आहे. रोज विचारतो, "काका, कांताताईला किती टाइम लागला?" मी म्हणतो, एक वर्ष. "मग कालिंदीला पण तेवढाच लागंल ना?" मी म्हणतो, लागेल तेवढाच.

आणि काल लवू सांगत आला की तुझं उत्तर नाही, म्हणून तो येत्या शुक्रवारी स्वतः नाशकाला येतोय. "पोरीक हातान धरून हाडतंय," म्हणाला. त्यानं नातवासाठी लाकडी घोडा घेतलाय. कांता, तो तुझ्या दारात घोडा घेऊन उभा राहील.

मी रात्रभर विचार केला नाही, कारण मला झोप लागते. सकाळी केला. तू दार उघडून त्याला खरं सांगितलंस तर ते तो इथं येऊन सांगेल, आणि जयवंत ऐकेल. तू खोटं बोललीस तर माझ्यामुळे तूही त्यात आलीस. म्हणून शुक्रवारच्या आत मीच सांगणार आहे. जयवंत त्यानंतर कुठं जाईल ते मला दिसतंय, आणि तिथं मी त्याच्या पुढं धावू शकत नाही. तरी सांगणार.

आधी तुला सांगतो, म्हणजे सवय होईल. लग्नात मला 'जरा उशीर' झाला नव्हता. अक्षता पडल्या तेव्हा मी डिलाईल रोडला गुत्त्यावर होतो. बापाच्या जागी लवू उभा राहिला. मी परत आलो एवढं आठवतं. आल्यावर मी काय केलं ते मला आठवत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते मला कधी सांगत नाहीत. लवूला विचारलं की तो विषय काढतो माशांचा.

तू गेल्यावर सोडली असं मी सगळ्यांना सांगतो. तेही खरं नाही. तू गेल्यावर आणखी आठ महिने मी पीत होतो.

आणि तुला मी खरं पत्र कधीच का लिहिलं नाही, तर तू उत्तर देणार नाहीस अशी भीती होती. पंतांची कांता दरवेळी उत्तर द्यायची.

बाबुराव

परळ,
ता. ११ एप्रिल १९६०

चि. कांता,

सांगितलं.

गुरुवारी आम्ही अकरा जण चाललो होतो. प्रभादेवी मागं पडली आणि मी म्हटलं, "थांबा." आठ वर्षांत मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मला झटका आला. लवू माझी छातीच चोळायला लागला. त्याला चोळू दिलं आणि सगळं सांगून टाकलं. पत्रं खोटी, नातू खोटा, पोरगी माझ्याशी नऊ वर्षं बोललेली नाही.

पहिले बोलले पंत. "मजकूर माझा होता," ते छाती काढून म्हणाले, "पण भावना बाबुरावांच्या होत्या." तेवढ्यात लवूनं त्यांची गचांडी धरली. "मेल्या पंता! तुजी अक्षरा बघून मी रडलंय!" मग मला म्हणाला, "आणि तू? सात वर्सा माका फसयलंस?" मी म्हटलं, हो. तो एवढा गोरामोरा झाला की त्याला शिवी सुचेना. लवूला शिवी सुचली नाही असं प्रथमच झालं.

जयवंतनं विचारलं, "मग काका, तुम्ही कुणाच्या जोरावर सोडली?"

मी म्हटलं, "माहीत नाही रे. साडेतीन वाजले की चालत सुटायचो."

"आपल्याला येड्यात काढलं तुम्ही," तो म्हणाला आणि माघारी वळला. मी मागं गेलो. पण तो तरणा, मी साठीला आलेला. एल्फिन्स्टनच्या पुलाशी तो दिसेनासा झाला.

शुक्रवारी तो पाळीला नव्हता. शनिवारीही नव्हता. मी साडेतीनला दारात उभा राहिलो, दोन्ही दिवस कुणाचा दंड धरावा ते सुचेना. लवू आला, पण माझ्याशी न बोलता वीस पावलं पुढं चालत राहिला. मागं पंत, मध्ये मी. अशी ती आमची वरात. काल रविवारीही तसंच.

आज जयवंत आला. डोळे लाल, अंगाला वास, सदऱ्याची बाही फाटलेली. मला म्हणाला, "काका, प्यालो. तिन्ही दिवस प्यालो." मी त्याची फाटकी बाही वर दुमडली. "पिताना सारखं डोक्यात यायचं, ह्या म्हाताऱ्याला तर आठ वर्षं कुणी चिटोरं पण धाडलं नाय. तरी रोज तंगड्या तोडतो. मग आपल्याला काय झालंय?" आणि माझाच दंड धरून म्हणाला, "चला."

त्याचा आज पहिला दिवस आहे. मी तुला सांगतो, कांता, मला इतका आनंद झाला की मी त्याला रस्त्यातच शिव्या दिल्या. तेव्हा पुढं चालणारा लवू थांबला, वळला आणि चार दिवसांनी पहिलं वाक्य बोलला. "सत्कार होतलो. पत्रिका छापून झाल्यात."

तुझ्या नावावर पट्टी चिकटवून झाकतायत. तुला आता काही लिहायची गरज नाही. या चार पत्रांचा त्रास दिला त्याबद्दल माफी मागा असं जयवंत म्हणाला. मागतो.

बाबुराव

परळ,
ता. १८ एप्रिल १९६०

चि. कांता,

तुझं पत्र शनिवारी दुपारी पोहोचलं.

पाकिटावरचं अक्षर बघून मी ओळखलं. 'ब'चं पोट तू अजून तसंच फुगवतेस. फोडायची हिंमत होईना. सदऱ्याच्या खिशात घातलं आणि साडेतीनला सगळ्यांबरोबर चालायला लागलो. वरळीला खडकावर बसून फोडलं. लवू आणि जयवंत पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले, त्यांना समुद्रात फार रस असल्यासारखे.

काल सत्कार झाला. शाळेचा हॉल भरला होता, बायकाही आल्या होत्या. मला शाल दिली, ती गरम आहे, एप्रिलात घामोळं उठवणारी. पंतांनी मानपत्र वाचलं, त्यात माझं अंतःकरण चार वेळा आलं. कुणी म्हणालं, पंधरवड्यानं मुंबईसह महाराष्ट्र होतोय, तसे बाबुरावही सफल झाले. टाळ्या पडल्या. मग मी उभा राहिलो. भाषण मी लिहून नेलं होतं, ते खिशातच राहू दिलं. म्हटलं, माझ्या मुलीच्या नावाची खोटी पत्रं तुम्ही सगळ्यांनी ऐकलीत. आता खरं ऐका. आणि वाचलं. तू लिहिलंस तसंच, एक शब्द न गाळता. इथं पुन्हा उतरवतो, मी बरोबर वाचलं की नाही ते तू तपासून घे.

'बाबा, लवूकाकांचं आमंत्रण आणि तुमची चार पत्रं मिळाली. मी येणार नाही. लग्नाच्या दिवशी तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. तुम्ही जिन्यात आडवे पडला होता. तुम्हाला उठवायचा सगळ्यांनी प्रयत्न केला. शेवटी मी तुम्हाला ओलांडून सासरी गेले. मागची सगळी माणसंही ओलांडून गेली. त्यानंतर मी कुठलाही जिना सरळ उतरलेले नाही, आधी खाली बघते. माझ्या नावानं पुन्हा पत्रं लिहू नका, कुणाला लिहूही देऊ नका. मला काय लिहायचं ते मी लिहीन. मला मुलगा नाही. दोन मुली आहेत. कांता.'

हॉलमध्ये मागं एका बाईनं पदर तोंडाला लावला. जयवंतची बायको नव्हे, ती आलेली नाही. दुसरीच कुणीतरी.

मला वाटलं होतं, वाचताना आवाज फुटेल. तसा फुटला, जिन्यापाशी. पण शेवटच्या ओळीला मी हसत होतो. लोकांना वाटलं असेल, म्हातारा चळला. मी दोनदा वाचली ती ओळ. दोन मुली.

खाली उतरलो तर लवू म्हणाला, "पंत बरा लिवी होतो. ह्यात गोडी नाय." पंत म्हणाले, "गोडी नाही, पण शैली आहे." मग लवू माझ्या गळ्यात पडून एवढ्या मोठ्यानं रडला की मलाच त्याला गप्प करावं लागलं. जिन्यातून मला उचलून खोलीत नेणारा तोच होता, हे त्यानं काल रात्री सांगितलं. नऊ वर्षं त्यानं माझ्यापाशी त्याचा उच्चार केला नाही.

कांता, तुझी माफी मागून हे पत्र खराब करत नाही. तू ओलांडून गेलीस ते फार बरं केलंस. थांबली असतीस तर अजून तिथंच उभी असतीस.

आज साडेतीनला आम्ही नेहमीसारखे निघालो. जयवंतचा आठवा दिवस. पुलावर चढताना तो म्हणाला, "काका, ताईचं पत्र जरा द्या ना. हातात धरून चालतो." पूर्वीची पत्रं मी ज्याला त्याला देत असे, घडीवर फाटेपर्यंत ती मिलभर फिरली. हे मी दिलं नाही. म्हटलं, "वाचून दाखवलंय ना सगळं? हे माझं आहे."

तुझा बाप,
बाबुराव